चौथ्या मजल्यावरचा चहा

राखीची बदली साखरखेर्ड्याला झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी एक संकल्प केला. तिचं सामान हलण्याआधी तिच्या घरी जाऊन एक कप चहा प्यायचा. यात संकल्प करण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. राखी आमच्याच इमारतीत राहते, ती चौथ्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर. मधे फक्त जिने आहेत, आणि मी व्हीलचेअर वापरते.

इमारतीचं नाव 'एव्हरेस्ट अपार्टमेंट'. मलकापुरात, तेही चार मजल्यांच्या इमारतीला बिल्डरने हे नाव कोणत्या मनःस्थितीत दिलं ते ठाऊक नाही, पण माझ्यापुरतं ते त्याने अचूक दिलं होतं.

राखी आणि मी एकाच शाळेत आहोत. मी गणित शिकवते, ती मराठी. शाळेतून आली की ती माझ्याकडे थांबते, चहा पिते, मुख्याध्यापकांविषयी जे शाळेत बोलता येत नाही ते बोलते आणि मग वर जाते. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. तिच्या घरात मात्र मी कधीच गेले नव्हते. तिच्या पडद्यांचा रंग मला फोनवरच्या व्हिडिओमुळे माहीत होता, आणि व्हिडिओत सगळेच पडदे जरा मळके दिसतात.

मला उचलून नेण्याचे प्रस्ताव येत असत. आमच्याकडची माणसं मदतीला फार तत्पर. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतात, चौघं चार पाय धरतात आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर त्यांच्यात तात्त्विक मतभेद होतात. एकजण म्हणतो आधी डोकं, दुसरा म्हणतो आधी पाय. ज्याचं डोकं आणि ज्याचे पाय त्याला कुणी विचारत नाही. हा अनुभव मी एका लग्नात घेतला आहे. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीपेक्षा मी जास्त वेळा आहे. तेव्हापासून मी उचलून घ्यायला नाही म्हणते. लोक त्याला माझा स्वाभिमान समजतात. खरं म्हणजे ती निव्वळ भीती आहे.

पण राखीची बदली झाली नेमकी त्याच महिन्यात आमच्याकडे लिफ्ट आली.

लिफ्टची जागा इमारतीत पहिल्यापासून होती, फक्त लिफ्ट नव्हती. त्या पोकळीच्या तळाशी लोकांचे जुने कूलर, चाक नसलेल्या सायकली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मंजुळाबाईंच्या गोधड्यांचं गाठोडं असा संसार मांडलेला होता. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष रामराव, तिसऱ्या मजल्यावर राहणारे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, लिफ्टसाठी फार झटले. त्यांच्या प्रत्येक अर्जाची सुरुवात 'आमच्या इमारतीत एक दिव्यांग भगिनी वास्तव्यास असून' अशी असे. रामरावांचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत, याचा उल्लेख एकाही अर्जात नव्हता. माझी तक्रार नाही. आपल्या पायांचा कुणाच्या तरी गुडघ्यांना उपयोग झाला, हेही काही कमी नाही.

लिफ्ट बसली, मग तिच्या तपासणीला एक साहेब आले. त्यांनी दोर पाहिले, दार पाहिलं, मग कागदात पाहिलं आणि विचारलं, "ती दिव्यांग भगिनी कुठे आहे?"

मी त्यांच्या समोरच होते. "ह्या काय," रामराव म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघत रामरावांना विचारलं, "यांना बटणं दाबता येतील का?"

"मॅडम गनित शिकवतात जी."

"ते ठीक आहे. बटणं?"

"चारपर्यंत येतात," मी म्हटलं.

साहेब रामरावांच्या उत्तराची वाट पाहत राहिले. "येतात म्हंतात," रामराव म्हणाले. तेव्हा कुठे साहेबांनी ते लिहून घेतलं.

मंजुरी आली आणि उद्घाटनाचं ठरलं. रिबन मी कापायची आणि पहिली फेरीही मीच करायची. राखीने वरून निरोप पाठवला की आधण ठेवते. सकाळी वॉचमन कचरूने माझ्या खुर्चीच्या दोन्ही चाकांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या. त्याचा हेतू अतिशय चांगला होता. मी हात मारून खुर्ची पुढे घेतली तशी एक माळ आसात गुंतली आणि खुर्ची जागच्या जागी गोल फिरली. लोकांना वाटलं मी प्रदक्षिणा घालते आहे. काहींनी हात जोडले.

माळ कापायला रिबनचीच कात्री वापरावी लागली. नारळ फुटला. मी रिबन कापली आणि दार उघडलं. आता मी आत जाणार, एवढ्यात रामरावांची पत्नी शालूबाई म्हणाल्या, "थांबा मॅडम, आमी आंधी आत जातो. तुमाले धराले कोनी पाह्यजे ना आतमंधी."

त्या आत गेल्या. त्यांना मदत करायला मंजुळाबाई गेल्या. बायका एकट्या कशा, म्हणून रामराव गेले. मग बाकीचे. लिफ्ट टीं टीं करायला लागली. वजन जास्त झालं होतं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमच्या गाडीचं वजन किती हाये हो?" मंजुळाबाईंनी विचारलं.

मी अजून बाहेरच होते. हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. तेव्हा एकजण नाइलाजाने उतरला, टीं टीं थांबलं, दार लागलं आणि मला धरायला गेलेली मंडळी मला सोडून वर गेली. बऱ्याच वेळाने खाली आली तेव्हा प्रत्येकाच्या तोंडात पेढा होता. राखीने मला ठेवलेले पेढे होते ते.

"मस्त हाये हो मॅडम लिफ्ट," शालूबाई समाधानाने म्हणाल्या. "तुमाले काईच तरास नाई व्हनार."

मग जेवणाची वेळ झाली, आणि पोरं खेळतात म्हणून रामरावांनी लिफ्टला कुलूप लावलं. चावी त्यांनी स्वतःच्या घरी सुरक्षित ठेवली, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर.

इथे मी वाचकांना क्षणभर थांबायची विनंती करते. मी गणिताची शिक्षिका आहे आणि असलं उदाहरण मी मुलांना कधी घातलेलं नाही. वर जायला लिफ्ट पाहिजे, लिफ्टला चावी पाहिजे, चावी वर आहे.

दुसऱ्या दिवशी मी रामरावांना तीनदा फोन लावला. दर वेळी तो शालूबाईंनी उचलला, आणि रामराव अंघोळीला गेल्याचं, मग पूजेला बसल्याचं, मग झोपल्याचं सांगितलं. दिवस असेच जात होते. राखीकडे खोकी येऊ लागली होती. ती रोज खाली येऊन माझ्याकडे चहा पीत होती आणि रोज म्हणत होती, "समता, राहू दे गं. मी येतेच ना खाली." हे ती प्रेमाने म्हणे, आणि मला ते फार लागे. म्हणून एकदा संध्याकाळी मी कचरूला चावी आणायला पाठवलं. थोड्या वेळाने कचरूच्या मागून स्वतः रामराव आले, जिन्याने, कठडा धरून, एकेका पायरीला थांबत. चावी खाली पाठवण्यापेक्षा आपण जावं, हा त्यांचा मोठेपणा होता.

"मी असताना कचरू काऊन?" ते म्हणाले. "चला, मी सोडतो तुमाले वर."

मी म्हटलं, "रामरावजी, एक सांगते. आत खुर्ची वळवायला जागा नाही, म्हणून मी उलटी आत जाते, म्हणजे तोंड दाराकडे..."

वाक्य पूर्ण होईपर्यंत मी आत होते. पाय ठेवायची पट्टी समोरच्या भिंतीवर धाडकन आपटली होती, आणि पुढे चकचकीत पत्र्यात मला माझाच अपमानित चेहरा दिसत होता. माझ्या पाठीमागे रामराव उभे राहिले, दार लागलं आणि ते समाधानाने म्हणाले, "पाह्यलं? काई कठीन नाई."

दुसरा मजला गेला आणि वीज गेली.

अशा वेळेसाठी बॅटरी बसवायची होती, पण ती अजून यायची होती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. पंखा बंद झाला. छताजवळ एक बारीक दिवा तेवढा लागला. पत्र्यात मला माझ्या डोक्यामागे रामरावांचा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्याचं पाटबंधारे खातं संपूर्ण कोलमडलेलं होतं.

"मॅडम."

"हं."

"हवा संपंन का हो?"

"वर जाळी आहे."

"मले घाम येऊन राह्यला. छाती धडधड करून राह्यली."

मला वाटलं, यांचा हात धरून यांना खाली बसवावं, पाणी पाजावं, पाठीवर थोपटावं. मग लक्षात आलं की माझ्याकडे बघून लोकांना नेमकं हेच वाटत असतं. म्हणून मी हात आवरला. "रामरावजी, पाण्याची बाटली आहे माझ्या पिशवीत. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. बोलू, का गप्प राहू?"

त्यांनी बाटली काढून दोन घोट घेतले. मग म्हणाले, "बोला. कायबी बोला. पाढे म्हना." आणि थोडं थांबून, "मॅडम, तुमच्या गाडीले धरू का जरासं?"

माझ्या खुर्चीला हात लावायच्या आधी आमच्या इमारतीत कुणी विचारल्याची ही पहिली वेळ. मी म्हटलं, "धरा."

सोपा पाढा लवकर संपला असता, म्हणून मी एकोणतीसचा घेतला. रामरावही माझ्यामागून म्हणू लागले. पहिल्यांदा पुटपुटत, मग हळूहळू मोठ्याने. मधेच एके ठिकाणी त्यांचं चुकलं आणि पुढे सगळंच चुकत गेलं. मी एकदाही दुरुस्त केलं नाही. गणिताच्या शिक्षकाकडून माणसाला याहून मोठी मदत होऊ शकत नाही.

बाहेर तोवर सगळी इमारत गोळा झाली होती. "दार ठोका!", "दार ठोकू नका!", "उड्या मारा आतमंधी!" असे सल्ले येत होते. कचरू लिफ्टवाल्याला फोन लावत होता. तो माणूस अकोल्याला कुठल्याशा दुसऱ्या लिफ्टमध्ये होता. राखी वरून ओरडत होती, "समता, मी इथंच आहे!" यात शालूबाईंचा आवाज सगळ्यांत वर होता.

"अहो, मॅडमले संभाळा! घाबरल्या असतीन बिचाऱ्या!"

"हाव, संभाळून राह्यलो!" रामराव माझी खुर्ची घट्ट धरून ओरडले. मग हळूच मला म्हणाले, "म्हना, मॅडम. थांबू नका."

वीज आली. लिफ्टने क्षणभर विचार केला आणि ती खाली गेली, थेट तळमजल्यावर. दार उघडलं तेव्हा माझी पाठ लोकांकडे होती. कुणीतरी मला ओढून बाहेर काढलं, शालूबाईंनी मीठ ओवाळून दृष्ट काढली आणि मंजुळाबाईंनी माझ्या डोक्यावर पाणी मारलं. रामराव रुमालाने मान पुसत म्हणाले, "ठीक हायेत मॅडम. ठीक हायेत." आणि ताठ चालत जिन्याकडे गेले.

वर गेले होते, पण कुठेच पोचले नव्हते, अशा अवस्थेत मी घरी आले.

खरा अपमान पुढेच होता. मॅडम लिफ्टमध्ये अडकल्या आणि भीतीने पाढे म्हणू लागल्या, ही बातमी सकाळपर्यंत स्टेशन रोडपर्यंत गेली. शाळेत सातवीच्या वर्गात शिरले तर फळ्यावर कुणीतरी एकोणतीसचा पाढा सुंदर अक्षरात लिहून ठेवलेला. मी तो तपासला. बरोबर होता. त्यामुळे रागावताही येईना. संध्याकाळी लिफ्टच्या दाराला पाटी लागली, 'दिव्यांग व्यक्तींनी एकट्याने लिफ्टचा वापर करू नये. आज्ञेवरून.' एव्हरेस्टमध्ये दिव्यांग व्यक्ती म्हणजे मी. 'व्यक्तींनी' हे अनेकवचन बहुधा आदरार्थी असावं.

मी कुणाशी बोलले नाही. खरं काय ते मी सांगू शकत होते. पण मी पाणी दिलं होतं, पाढा म्हटला होता आणि चुका सोडून दिल्या होत्या. आता ते सगळं चव्हाट्यावर मांडायचं म्हणजे दिलेली मदत परत मागण्यासारखं होतं. राखी मात्र भडकली. "तू घाबरलीस? तू? मुख्याध्यापक तुला घाबरतात!" ती म्हणाली. तिचा ट्रक ठरला होता. हातात आता थोडेच दिवस उरले होते. तिने सोसायटीची सभा बोलवायला लावली.

सभा पार्किंगमध्ये भरली. राखी तावातावाने म्हणाली, "पाटी काढा." मंजुळाबाई म्हणाल्या, "अवं, त्यायच्याच भल्यासाठी हाये ना. घाबरतात त्या. आमी सोडू ना त्याईले वर. पाळ्या लावू. सोमवारी मी, मंगळवारी शालूबाई..."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्यासाठी लोकांच्या पाळ्या लागत होत्या, जशा नळाच्या पाण्याला लागतात. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात रामराव उठले. उठताना त्यांचे गुडघे वाजले, ते सगळ्यांना ऐकू आलं.

"पाढे मी म्हनत व्हतो," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना.

"लिफ्टमंधी. घाबरलो मी व्हतो. मॅडमनं मले संभाळलं. पाढा मीच म्हनाले लावला, अन् म्याच म्हनला. एकोनतीसचा." त्यांनी रुमालाने मान पुसली. "तोबी चुकलो. त्या काईच बोलल्या नाई."

शालूबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "तुमी?" त्या म्हणाल्या. "अन् मी मिठानं दृष्ट मॅडमची काढली?"

रामराव पाटीजवळ गेले, ती त्यांनी स्वतः काढली आणि चावी माझ्या पुढे धरली. मी म्हटलं, चावी मला एकटीला नको, सगळ्यांना घेता येईल अशी खाली लावा. कचरूने लगेच खिळा ठोकला, स्वतःच्या डोक्याच्या उंचीवर. चावी लटकवून तो कौतुकाने बाजूला झाला. मी हात वर केला. हात आणि चावी यांच्यात एक मोठी मोकळी जागा होती. सभेने ती जागा बराच वेळ पाहिली. मग मंजुळाबाईंनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, माझं मत विचारलं, "मॅडम, कुठी ठोकावं म्हंता?" मी बोट ठेवलं, कचरूने तिथे खिळा ठोकला. वरचा खिळा अजून आहे. त्याला कुणीतरी झेंडूची माळ अडकवली आहे.

राखीचा ट्रक यायच्या आदल्या संध्याकाळी मी निघाले. चावी घेतली, कुलूप काढलं, खुर्ची वळवली आणि उलटी आत गेले. चारचं बटण माझ्या हाताच्या वर होतं. पण गणिताच्या शिक्षिकेच्या पिशवीत फूटपट्टी असते. दार लागलं. मी एकटी होते. मला वाटलं होतं काहीतरी थोर वाटेल, पण पंख्याचा खडखड आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि दार उघडलं. बाहेर मंजुळाबाई गोधडी घेऊन उभ्या होत्या, गच्चीवर वाळत घालायला निघालेल्या. मला पाहून त्यांचा एक हात आपोआप माझ्या खुर्चीकडे निघाला, अर्ध्यात थांबला आणि गोधडीवर परत गेला.

"मॅडम, येऊ का आत? का तुमी जाऊन येता आंधी?"

"या की. जागा आहे."

त्या आल्या आणि कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहिल्या. मदत न करण्याचे कष्ट त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. चौथा मजला आला. दाराचं बटण त्यांनी दाबून धरलं आणि मी बाहेर पडेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग जिन्यावरून गच्चीत जाता जाता एकदम म्हणाल्या, "बरोबर केलं ना मी?"

"एकदम," मी म्हटलं.

राखीचं दार उघडंच होतं. ती उंबऱ्याच्या आत उभी होती आणि आम्ही दोघी एकदमच खाली पाहू लागलो. उंबरा काळ्या दगडाचा, चांगला चार बोटं उंच, चकचकीत होता. इतकी वर्षं ती तो ओलांडून माझ्याकडे येत होती आणि तो तिला कधी दिसला नव्हता. मला तर तो दिसायचा प्रश्नच नव्हता.

"अरे देवा," राखी म्हणाली. रामरावांना हाक मारावी असं तिच्या मनात आलं, ते तिच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं. पण तिने हाक मारली नाही. ती खाली वाकली, माझ्या डोळ्यांच्या पातळीला आली. "सांग. मी काय करू?"

मी सांगितलं. मागे ये, हँडल धर. ओढू नको, ढकलू नको, मी म्हणेन तेव्हा फक्त मागे कलव. पुढची चाकं उंबऱ्यावर आली की थांब. आता मी हाताने चाक फिरवते, तू नुसता आधार दे. तिने अगदी तेवढंच केलं. खुर्ची उंबऱ्यावर चढली, क्षणभर तिथेच डुगडुगली आणि आत उतरली.

तिचं घर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते निम्मं खोक्यांत गेलेलं होतं. पडदे काढून झाले होते, त्यामुळे त्यांचा खरा रंग कोणता हे मला आता कधीच कळणार नाही. भिंतींवर फोटोंच्या जागी फिके चौकोन होते. खिडकीतून रेल्वेचे रूळ थेट दूरवर दिसत होते. "इथे टीव्ही होता," राखी दाखवू लागली, "इथे सोफा, इथे मी वह्या तपासायची." मी प्रत्येक रिकाम्या जागेकडे नीट पाहिलं आणि छान आहे म्हटलं.

कप बांधले गेले होते, म्हणून तिने चहा स्टीलच्या पेल्यांत आणला आणि समोरच्या खोक्यावर बसली. मी घोट घेतला.

चहा अतिशय वाईट होता. पत्ती कच्ची, दूध करपलेलं, साखर तळाशी तशीच बसलेली. ती इतकी वर्षं रोज माझ्याकडेच चहाला का थांबत होती, याचं एक कारण मला त्या घोटात कळलं. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

मी पेला रिकामा केला आणि तिच्यापुढे धरला. "अजून आहे का थोडा?"